सुतळीची दोन टोकं

आजकाल ज्याला डीजे म्हणतात, त्याला तेव्हा जयपुरात सरसकट 'डिस्कोवाले' म्हणायचे. आम्ही नवरा-बायको डिस्कोवाले होतो. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेली, आणि हातात कॅसेटची पेटी घेऊन लग्नघरांतून हिंडणारी. हे माहेरी कुणाला धड समजावून सांगता येत नसे. शेवटी मी एवढंच म्हणायची, "लग्नात गाणी लावतो." त्यावर माहेरची माणसं गप्प व्हायची. त्या गप्प होण्यात काय काय असतं ते मला कळत होतं. पण मी कुणाच्या गप्प बसण्याला घाबरणारी नाही.

हे तोफखान्यात हवालदार होते. शेवटची नेमणूक जयपूरच्या छावणीत झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पेन्शनीत निघाले. तोफांनी पेन्शन दिली आणि कान घेतले. डावा कान पार गेलेला, उजव्यात थोडंफार उरलेलं. युनिटात त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. मला कळलं ते कुकरमुळे. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि हे शेजारच्या पाटावर बसून शांतपणे पेपर वाचत होते.

त्यांच्या गावाकडे एक चुलते होते, ठार बहिरे. सारा गाव त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. पोरं मागून जाऊन काहीबाही ओरडायची आणि हसायची. "मीपण हसलोय लहानपणी," हे मला एकदाच म्हणाले. "आता त्यांच्या जागी मला न्हाय बसायचं. हितंच काहीतरी करू. पन कुनाला कळता कामा न्हाय." एवढंच आमचं ठरलं. जयपुरात काम चालतंय आणि कान उघडे पडत नाहीत तोवर राहायचं. नाहीतर गाशा गुंडाळून गावी, त्या चुलत्यांच्या ओट्यावर.

आणि धंदा काढला कशाचा, तर गाण्याचा! मी कपाळावर हात मारून घेतला. पण त्यांना दुसरं येत काय होतं? वायर, बॅटरी, बटणं, हेच आयुष्यभर केलेलं. स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवला की त्यांना आवाज कळायचा, ताप बघावा तसा. कुठे फाटतोय, कुठे दबलाय, सगळं हातानं. शब्द मात्र हाताला लागत नाहीत. ते माझ्याकडे. एक जुना अ‍ॅम्प्लिफायर, दोन टेप, दोन मोठ्या पेट्या आणि एक भोंगा, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. जयपूरच्याच झोटवाड्यात दोन खोल्या घेतल्या, त्याही एका लेथ मशीनच्या कारखान्याला लागून. लोक म्हणाले, एवढ्या खडखडाटात कसे राहता? अहो, म्हणूनच तर घेतल्या. त्या गल्लीत सगळेच ओरडून बोलायचे. आमच्या घरातलं ओरडणं त्यात खपून जायचं.

वराती आणि संध्याकाळच्या पार्ट्या मोठ्या लोकांकडे होत्या, त्यांच्याकडे दिव्यांच्या माळा आणि मेटाडोर. आमच्या वाट्याला आली ती दुपार. दुपारी असायचं 'महिला संगीत'. लग्नाआधी घरच्या आणि पाहुण्या बायका आतल्या चौकात जमायच्या, गायच्या, नाचायच्या. जुन्या शहरातल्या हवेल्यांत तिथे परक्या पुरुषाचं काम नव्हतं. बाकी डिस्कोवाल्यांची पंचाईत व्हायची. आमच्याकडे मी होते. आमची लेक शाळेतून यायच्या आत घरी परतता यायचं, हाही एक फायदा होता.

काम असं चालायचं. सामान उंटगाडीवर पुढे जायचं आणि आम्ही स्कूटरवर मागून. मांडीवर कॅसेटची पेटी. बाहेरच्या बैठकीत हे अ‍ॅम्प्लिफायर आणि टेप मांडून बसायचे. एक पेटी त्यांच्या हाताशी, दुसरी आतल्या चौकात, माइक घेऊन मी तिथे. मध्ये भिंत आणि दारावर जाड पडदा. कॅसेटवर मी आकडे घातलेले, क्रम आधीच ठरलेला, त्याचा कागद माझ्याजवळ. आणि पडद्याखालून एक सुतळी. तिचं एक टोक माझ्या बोटाला, दुसरं यांच्या डाव्या मनगटाला. एक हिसका म्हणजे आवाज वाढवा. दोन म्हणजे कमी करा. तीन म्हणजे ही कॅसेट काढा, पुढची लावा. युक्ती यांची. बघणाऱ्यांना वाटायचं, मधे पडदा आहे म्हणून सुतळी. पडदा नसता तरी आम्हाला सुतळी लागलीच असती, हे फक्त आम्हाला ठाऊक. त्या पडद्याविषयी मी तेव्हा मनातल्या मनात खूप बडबड केली आहे, बायकांना कोंडून घालतात म्हणून. पण माझ्या नवऱ्याची लाज त्यानेच झाकली होती, हेही खरं.

सिनेमाची गाणी सगळ्यांकडेच होती. म्हणून मी ठरवलं की आपण इथल्या बायकांची गाणी गोळा करायची. हे डोकं माझं, आणि त्यातून जो घोळ झाला तोही माझाच.

झोटवाड्यातच नव्हे, सगळीकडेच कारणापरत्वे बायका गातात, पण आमच्या गल्लीत जरा जास्तच. एके दिवशी एक मिरवणूक निघाली. नटलेल्या बायका, डोक्यावर कळश्या, ढोलकी, आणि पुढे पिवळीधमक ओढणी तोंडावरून घेतलेली एक तरुण बाई. विहिरीकडे चालल्या होत्या. पिवळं नेसलेली म्हणजे हळदीची नवरी, दुसरं काय? आमच्याकडे तरी दुसरं काही नसतं. मी टेप घेऊन धावले आणि सगळी गाणी भरून घेतली. चाल इतकी गोड की घरी येऊन तीनदा ऐकली. शब्द अर्धेमुर्धे कळले. सुंठ, गूळ, तूप, ओवा, लाडू. म्हटलं, लग्नाच्या पंगतीचं वर्णन असणार. कॅसेटवर मी लिहिलं, 'लग्न, हळद, फार छान', आणि आकडा घातला सात.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी जुन्या शहरातल्या एका हवेलीत आम्हाला काम मिळालं. नवरीचं घर. त्या दुपारी नवरदेवाकडच्या बायकाही ओढण्या आणि मिठाई घेऊन आलेल्या. आतल्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. घराचा कारभार नवरीच्या मोठ्या चुलतीकडे होता. सगळे तिला ताईजी म्हणत. घुंगट हनुवटीपर्यंत, पण त्याच्या आतून तिला सगळं दिसायचं. मी आत आल्या आल्या तिने मला विचारलं, "मर्द बाहर ही रहेगा ना?" मी म्हटलं, "जी, दहलीज नहीं लाँघेंगे."

आणि तिने हौसेनं भोंगा गच्चीवर चढवायला लावला. गल्लीतल्या मांडवात बसलेल्या पुरुषांनाही कळू दे, आमच्या घरी कसा थाट आहे.

सहा कॅसेट झकास झाल्या. मग सात. ढोलकी सुरू झाली, ती गोड चाल सुरू झाली, मी स्वतःवरच खूश. आणि बघते तर नाचणाऱ्या बायका जागच्या जागी थांबलेल्या. नवरीची आई पांढरीफटक. नवरदेवाकडच्या बायका एकमेकींच्या घुंगटात घुंगट घालून कुजबुजत होत्या. माझ्या शेजारच्या मुलीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "आंटीजी, ये तो जच्चा के गीत हैं! बच्चा होने के!"

बाळंतिणीची गाणी. सुंठीचे लाडू बाळंतिणीचे. पिवळी ओढणी बाळंतिणीची, विहीर पुजायला निघालेली. आणि मी ती वाजवत होते नवरीच्या अंगणात, सासरच्या बायकांसमोर, गच्चीवर भोंगा लावून! त्याचा अर्थ काय होतो ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी सुतळीला तीन हिसके दिले. पण माझ्या आणि पडद्याच्या मधे एक चांगल्या वजनाच्या मामीजी बसल्या होत्या, नेमक्या सुतळीवर. तीन हिसक्यांतला एकच कसाबसा पलीकडे पोचला. एक म्हणजे वाढवा. यांनी इमानदारीने आवाज वाढवला. मी पुन्हा ओढली, यांनी पुन्हा वाढवला. तोपर्यंत अख्ख्या गल्लीला सुंठीचे लाडू पोचले होते.

मी पदर खोचला, पडदा बाजूला केला आणि बैठकीत घुसले. तिथे मांडवातून धावत आलेले तिघेजण यांच्यासमोर उभे राहून ओरडत होते, "बंद करो! बंद करो इसे!" आणि हे, स्पीकरच्या वायरीवरून मान वर करून, हसून मान डोलावत होते. त्यांना वाटलं, लोक गाण्याची तारीफ करताहेत. ते हसू मला अजून दिसतं. मी वायर उपसून काढली.

सगळं एकदम गप्प झालं. त्या तिघांतला एक माझ्याकडे वळून म्हणाला, "बहरा है क्या?"

इतकी वर्षं मी यासाठी किती खोटं बोलले होते. सर्दी झालीय, विचारात असतात, मराठी माणूस आहे, पटकन समजत नाही. त्या दिवशी माझ्याकडे एकही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "जी. सुनाई नहीं देता इनको. तोपखाने में थे." यांची नजर माझ्या ओठांवर होती. काय बोलले ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी मनगटाची सुतळी सोडायला घेतली, गाठ सुटेना. मला वाटलं, संपलं. आता गाव, आता तो ओटा.

तेवढ्यात पडद्याआडून ताईजीचा आवाज आला. त्या आवाजाला माइकची गरज नव्हती. "गाना क्यूँ रोका? मैंने लगवाया था!"

ते तिघे एकमेकांकडे बघायला लागले. ताईजी आतून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती: आमच्या धाकट्या सुनेला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली, या लग्नाच्या गडबडीत तिची विहीरपूजा राहूनच गेली, मी म्हटलं आज सगळे पाहुणे आहेत तर तिचंही कौतुक होऊन जाऊ दे. मीच या बाईला सांगितलं होतं सात नंबर लाव म्हणून. लावा परत, पहिल्यापासून!

सात नंबर हे तिला कुठून कळलं? घुंगटाच्या आतून माझ्याजवळचा क्रमाचा कागद वाचला असणार. मी आत गेले तेव्हा तिने कोपऱ्यात बाळाला घेऊन बसलेल्या धाकट्या सुनेला उभं केलं होतं, कुणाची तरी पिवळी ओढणी तिच्या डोक्यावर टाकली होती आणि स्वतः तिच्याभोवती फेर धरून नाचत होती. नवरदेवाकडच्या बायकांना काय, नाचायला निमित्त मिळालं. त्याही उठल्या. मामीजीसुद्धा उठल्या, आणि सुतळी मोकळी झाली.

ही बाई आमची कोण होती? कुणी नाही. तिची स्वतःची अब्रू वाचवायची होती हे खरं, पण दोष माझ्या माथी मारून ती सहज वाचवता आली असती. मी मराठी, माझा नवरा बहिरा, आमची बाजू घेणारं तिथे कोण होतं? तिने तसं केलं नाही. तिचे उपकार मी तेव्हा मानले, आजही मानते.

निघताना तिने मला आतल्या खोलीत बोलावलं. मी मान खाली घालून उभी. म्हटलं, आता बोलणी खायची. तिने प्रथमच घुंगट वर केला. माझ्या आईच्या वयाची असेल, डोळे मात्र पोरीचे. म्हणाली, "पगली, तेरा आदमी बहरा है, ये तूने पहले क्यूँ नहीं बताया?"

मग तिने मला सांगितलं ते ऐकून मी खालीच बसले. महिला संगीताची खरी मजा असते 'गाली'त. व्याह्यांना, विहिणींना, दीर-नणंदांना आणि स्वतःच्या नवऱ्यांना नावं ठेवणारी चावट गाणी, माइक बंद करून, ढोलकीवर, फक्त बायकांनी बायकांत म्हणायची. पण ही मशिनं आल्यापासून सगळं बंद पडलं होतं. घरातल्या पुरुषांना पिटाळता येतं, मशीनवाल्याला कुठे पिटाळणार? तो भिंतीपलीकडे कान टवकारून बसलेला. तोंडातून चावट शब्द कसा निघायचा? "कितने बरसों से पेट में दबी पड़ी हैं," ताईजी पोटावर हात मारत म्हणाली. आणि देवानं त्यांच्या दारात आज चक्क बहिरा मशीनवाला आणून बसवला होता.

स्कूटरवर घरी निघालो. झोटवाड्याच्या रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा हे मागे न बघता म्हणाले, "सांगितलंस तू."

"सांगितलं," मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडले.

"मग गावाला कधी जायचं?"

"पुढच्या आठवड्यात तीन ठिकाणी बोलावणं आहे. ताईजींच्या नात्यातली. त्यांना तुम्हीच पाहिजे."

कारण सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे बहिरा म्हनून बोलवत्यात."

माझं डोकंच फिरलं. "मग इतके दिवस काय हवालदार म्हणून बोलावत होते का? कुणाला तरी तुमचे हे कान हवेत. गप चला." फाटकापाशी थांबलेले सायकलवाले आमच्याकडे बघत होते. मला त्याचं काही नव्हतं. फाटक उघडलं आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर चार-पाच वर्षं आम्ही मागे वळून पाहिलं नाही. 'बहरे फौजी' म्हणून यांचं नाव झालं, आणि ज्या नावाला ते घाबरत होते तेच नाव लोक लग्नाच्या दोन-दोन महिने आधी येऊन मागायला लागले. कुणी हसत नव्हतं. जगतपुऱ्याकडच्या वाडीवस्तीपासून जुन्या शहरातल्या हवेल्यांपर्यंत आम्ही हिंडलो. माइक बंद झाला की मी आत बसून ढोलकीवर ताल धरायची, आणि हळूहळू गायलाही लागले. काय काय गायले ते इथे लिहिणार नाही. माझ्या नाती हे वाचतील.

आणि मग एक दिवस मिलिटरी हॉस्पिटलातून यांना कानाचं मशीन मिळालं. खिशात ठेवायची डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बोंडूक. घरी येऊन त्यांनी ते लावलं आणि सगळ्यात आधी म्हणाले, "अगं, तू एवढ्या मोठ्यानं बोलतीस?" मी म्हटलं, "तुमच्यामुळंच की!" आणि मला रडूच आलं. त्या दिवशी त्यांनी बांगड्या ऐकल्या, तव्यावरचा चर्र आवाज ऐकला, शेजारच्या लेथला शिव्या दिल्या. इतक्या वर्षांनी त्यांना कळलं की आपण कुठल्या कारखान्याच्या कुशीत राहतोय.

रात्रभर मला झोप नाही. ऐकू येणारा मशीनवाला कुणाला हवाय? आमची सगळी घरं जाणार होती. सकाळी मी म्हटलं, "कामावर ते लावूच नका. कुणाला सांगायची काही गरज नाही."

ते चहा पीत होते. म्हणाले, "न्हाय. एकदा लपवलं तेवढं बास झालं. त्या बायका आपल्या भरवशावर गात्यात."

पुढचं काम ताईजीच्याच घरी होतं. तिच्या पुतण्याचं लग्न. हे बैठकीत शिरले ते मशीन लावून, सगळ्यांना दिसेल असं. आतल्या दारापर्यंत गेले, उंबऱ्याच्या अलीकडे थांबले आणि म्हणाले, "ताईजी, अब मुझे सुनाई देता है." मी पडद्याच्या आतल्या बाजूला उभी. मग त्यांनी कानातलं बोंडूक काढलं, वायर डबीभोवती नीट गुंडाळली, आणि पडद्याखालून हात आत घातला. तळहातावर ती डबी. "काम होने तक आपके पास," म्हणाले. आता ते पुन्हा बहिरे होते. उत्तराची वाट न बघता ते वळले, आपल्या जागी जाऊन बसले आणि मनगटाला सुतळी बांधून घेतली.

इतक्या वर्षांनी मिळालेले कान कुणी असे काढून देतं का? मला त्या क्षणी या माणसाचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. ताईजीने ती डबी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. मग ढोलकी ओढून घेतली आणि म्हणाली, "आज की पहली गाली फौजी के नाम."

तिने तिथल्या तिथे रचली. एका शिपायानं आपले कान तोफेला आंदण दिले, आणि आता त्याची बायको दिवसभर त्याला नावं ठेवते तरी तो गोड हसत राहतो, अशा अर्थाची. पुढचं जरा चावट होतं. बायका लोळून हसल्या, मीही हसले, आणि गायलेही सगळ्यांच्या वरच्या आवाजात. पडद्याच्या फटीतून मला ते दिसत होते. स्पीकरवर तळहात ठेवून सरळ बसलेले, छावणीत बसल्यासारखे.

पुढे प्रत्येक घरी हेच झालं. उंबऱ्याशी कान काढून द्यायचे, काम संपलं की परत घ्यायचे. एकही घर तुटलं नाही. आत काय गायलं गेलं हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

त्या पहिल्या दिवशी मात्र घरी आल्यावर त्यांनी मशीन कानात घातलं, माझ्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, "त्यांचं राहू दे. तू गायलीस का?"

"गायले की."

"तेवढं ऐकव."

मी लाजले. लग्नाला इतकी वर्षं झालेली, पण यांनी मला गाताना कधी ऐकलंच नव्हतं. मी हळूच म्हणायला सुरुवात केली, त्यांच्याचवरची गाली, मान खाली घालून. दोन ओळी झाल्या नसतील, त्यांनी हात पुढे केला, माझ्या पदराचं टोक धरलं आणि एक हिसका दिला. एकच.